बाबांच्या नावापुढची खूण

कावासाकी
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावता, की बाटली नुसतीच खिडकीत ठेवलीय? इकडे तुमच्या जावयाला, विनयला सर्दी, आणि अंबरीषची शाळेची परीक्षा. मी मराठीत रागावले की तो जपानीत उत्तर देतो, त्यामुळे भांडणसुद्धा धड होत नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटलं असेल. फोनवर तुम्ही "बोल गं" म्हणालात की माझं अवसानच गळतं. तीन रविवार हेच झालं.

आमच्या ऑफिसला इथल्या संरक्षण खात्याचं काम मिळालंय, रडारचं. महायुद्ध हरल्यावर हा देश "पुन्हा लढणार नाही" असं राज्यघटनेतच लिहून मोकळा झाला आणि अमेरिकेच्या आसऱ्याला राहिला. आता रोज बातम्यांत क्षेपणास्त्रं आणि चीनची धास्ती. आपली जहाजं यांच्या जहाजांबरोबर सराव करतात. आजोबा ज्या इंग्रजांच्या फौजेतून इंफाळला जपान्यांशी लढताना गेले, ते इंग्रज तर केव्हाच यांचे दोस्त झाले. सगळ्या जगाचं जमलं, बाबा, फक्त आपल्या घराचं राहिलं. मी इथून आणलेला राइस कुकर तुम्ही आईला एकदाही लावू दिला नाहीत. मारुती मात्र वीस वर्षं चालवलीत, आणि कुणी सुझुकीचं नाव काढलं की "इंजिन आपलंच आहे" म्हणायचात! हसू नका, मी चिडून लिहितेय.

तर मार्चमध्ये त्या कामाच्या पहिल्या मीटिंगला आमचे साहेब, सातो-सान, अगदी कमरेत वाकून म्हणाले, "मैथिली-सान, माफ करा, इथून पुढे फक्त जपानी नागरिक." मी लॅपटॉप उचलला आणि बाहेर आले. बंदरासाठी आम्ही जे रडार केलं होतं, त्याचंच हे पुढचं काम. त्यातलं निम्मं सॉफ्टवेअर माझं. अठरा वर्षं घासली इथे. कॉफीच्या मशीनपाशी उभी राहून रडले, मूर्खासारखी.

जूनमध्ये तुमच्याकडे तुमच्या लग्नाचा दाखला मागितला होता, व्हिसासाठी म्हणून. त्या गुडघ्यानिशी तुम्ही नगरपालिकेत दोनदा रांगेत उभे राहिलात. बाबा, तो व्हिसासाठी नव्हता. मी जपानी नागरिकत्वाचा अर्ज केलाय. ते मिळालं की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो.

एवढंच असतं तरी निभावलं असतं. अर्जात नातेवाइकांचा एक कागद असतो. प्रत्येकाच्या नावापुढे विचारतात, या नागरिकत्वाबद्दल यांचं मत काय? संमती, विरोध, की काहीच नाही. तुमच्या नावापुढे मी "संमती"वर खूण केली. तुम्हाला न विचारता. ज्याने जन्मात आपल्या वडिलांचं तोंड पाहिलं नाही, त्याच्या वतीने! हात जरासुद्धा अडखळला नाही, याची जास्त लाज वाटते. तेव्हापासून धड झोप नाही की कामात लक्ष नाही. इथे कचऱ्याचेही वार ठरलेले, तोसुद्धा चुकीच्या वारी टाकून आले, शेजारणीने परत दारात आणून ठेवला.

चोवीस तारखेला मुलाखत आहे. अधिकारी तोच कागद समोर ठेवून विचारणार. तिथे मला खरं सांगायचंय, म्हणून पत्र पोचल्यावर फोन करा. चिडा, वाट्टेल ते बोला, पण "तुला हवं ते कर" एवढं म्हणू नका. ते मला सोसणार नाही.

विरोध म्हणालात तर विरोध असंच सांगेन. अर्ज मात्र मागे घेणार नाही, बाबा.

तुमचं मत परस्पर ठरवून टाकणारी
तुमची मुलगी,
मैथिली