दार लावून केलेली प्रार्थना

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
प्रभूत सलाम व अ. उ. आ. वि. वि.

तू पाठवलेले लोकरीचे मोजे पोचले. आईंनी ते लगेच पायांत चढवले, मग चपलांत पाय मावेनात म्हणून दिवसभर घरात मोज्यांवरच फिरल्या. मोजे उत्तम आहेत, चपलाच आखडल्या, असं त्यांचं म्हणणं आहे. तुझ्या त्या आई आणि माझ्या सासूबाई, तेव्हा आपल्या दोघींनाही ते मान्य करणं भाग आहे.

समोरच्या शाळेचे गणवेश शिवणीला आले आहेत. सगळे कमरेत सैल करायचे. मुलं वाढतात पण शिवणीत दाबलेलं कापड तेवढंच राहतं, हे आयांना पटवता पटवता माझी निम्मी सकाळ जाते.

आईंचं ऐकायचं यंत्र अजून डबीतच असतं. ते घातलं की माणसांपेक्षा भांडीच जास्त बोलतात, म्हणतात. रविवारी उपासनेला घालतात आणि पाळकसाहेबांनी ‘आता शेवटचा मुद्दा’ म्हटलं की काढून पिशवीत टाकतात. पाळकसाहेबांच्या शेवटच्या मुद्द्याला आणखी भावंडं असतात, हे आईंना पक्कं ठाऊक आहे.

आता गंमत ऐक. प्रार्थना दार लावून करावी, मनातल्या मनात करावी, असं आईंना लहानपणापासून शिकवलेलं. त्याप्रमाणे रोज सकाळी त्या स्वयंपाकघरात जातात, दार लावतात, डोळे मिटतात आणि मनातल्या मनात देवाशी बोलतात. फक्त कान गेल्यापासून मन कुठे संपतं आणि गळा कुठे सुरू होतो, हे त्यांना कळेनासं झालं आहे. तुला आठवत असेल, आपल्या स्वयंपाकघराची खिडकी इमारतीच्या मधल्या पोकळीत उघडते. सगळ्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या त्याच पोकळीत. त्यामुळे आईंचा एकांत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत ऐकू जातो.

मागे त्यांनी जिन्यातल्या दिव्याची गोष्ट काढली. तू जगाचा प्रकाश आहेस हे खरं, पण आमच्या जिन्यापुरता एक बल्ब मिळाला तरी पुष्कळ, पायरी दिसत नाही, असं स्पष्ट सांगितलं. संध्याकाळी तळमजल्यावरचा वायरमन शिडी घेऊन हजर. आई मला म्हणाल्या, बघ, मागायचीच खोटी. शेजारच्या मास्तरीणबाईंसाठी तर त्यांनी विनवलं की बाईचं मन सोन्याचं आहे, जीभ तेवढी जरा मऊ कर, नवरा बिचारा पोळून निघतो. तेव्हापासून मास्तरीणबाई घरात कुजबुजून बोलतात आणि नवऱ्याला वाटतं, हिची तब्येत बिघडली.

आईंना हे कोणीच सांगत नाही. मीही नाही. सगळी इमारत मिळून एका म्हातारीचं गुपित तिच्यापासूनच लपवते आहे.

बाकी मी ठीक. मशीनच्या आवाजात आईंशी ओरडून बोलता बोलता संध्याकाळपर्यंत माझा घसा बसतो. परवा एक बाही उलटी लागली. उसवता उसवता तिथेच डोळा लागला. जागी झाले तर आई शेजारी बसून मदत करत होत्या, आणि त्यांनी नीट लावलेली दुसरी बाही उसवली होती. आता दोन्ही लावायच्या आहेत.

तुझ्या ह्यांना सलाम. लोभ आहेच, तो उतू जाईल इतका असू दे.

तुझी,
वहिनी

•

११ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
धाकटीचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुमचं पत्र मी वॉर्डातल्या जेवणाच्या सुट्टीत वाचलं. मास्तरीणबाईंपर्यंत हसून हसून घास घशात अडकला. पुढे बाहीशी आले आणि हसू गेलं. घरी येऊन ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी गाडीच्या किल्ल्या खुंटीला लावल्या आणि एवढंच म्हणाले की वहिनी थकल्या आहेत, आणि हे आपल्याला त्या बसल्या बसल्या झोपी जाईपर्यंत कळलं नाही.

वहिनी, मी परिचारिका आहे. बसल्या बसल्या झोप लागते म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको. दादाच्या आजारपणात तुम्ही उशाशी होतात. तो गेला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आईचं सगळं तुम्हीच करताय. मी लेक असून मोजे पाठवते.

तर आम्ही ठरवलं आहे. आतली खोली रिकामी केली. आमचं घर तळमजल्यावर, जिना नाही, दवाखाना पाच पावलांवर. महिनाअखेरीच्या रविवारी हे गाडी घेऊन येतील आणि आईला इकडे आणतील. तुम्ही थोडं झोपा, पुस्तकं वाचा. आमच्या घरमालकाला नळाचं गळणं ऐकूच येत नाही. आईची एक सकाळ त्याला पुरेल.

आईला विचारून कळवा. तिला फोनवर विचारायचं म्हणजे तिच्याआधी साऱ्या गल्लीचं उत्तर येतं.

तुमची काळजी वाहणारी, आणि आता थोडी रागावलेली,
धाकटी

•

१७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
प्रभूत सलाम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुम्हा दोघांचा विचार योग्यच आहे. लेकीचं घर ते लेकीचं घर. मी आईंच्या कानाशी जाऊन विचारलं. त्या लगेच ‘बरं’ म्हणाल्या. पुन्हा विचारलं, तरी ‘बरं’च म्हणाल्या. तेव्हा त्यांच्याही मनात तेच असणार. इतके दिवस माझ्याकडे बघून गप्प राहिल्या असतील.

त्यांची ट्रंक पलंगाखालून काढून पुसली. लुगडी उन्हात टाकली. चष्म्याची घरं सापडली, चष्मा त्यातल्या एकातही नव्हता. तो त्यांच्या डोक्यावर होता. गुडघ्याचं तेल वेगळ्या पिशवीत ठेवते, सांडतं. चहा त्यांना बशीतच द्यायचा. कप हातात नीट धरवत नाही, पण तसं म्हटलेलं आवडत नाही. बशीत लवकर निवतो, एवढंच म्हणायचं. रात्री दिवा घालवण्यापूर्वी त्यांच्या पायाला हात लावायचा, नाहीतर अचानक अंधार झाला की दचकतात.

इमारतीतली माणसं भेटायला येऊन जातात. वायरमन विचारून गेला, तिकडे जिन्यात दिवा आहे ना. जिनाच नाही म्हटलं, तर जरा हिरमुसला.

ह्या गोष्टीने मला आनंदच आहे. मी थकले होते हे खोटं नाही.

१८ फेब्रुवारी

पत्र काल पाकिटात घातलं नाही, ते बरं झालं.

आज सकाळी आई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लावलं. मी गणवेशाला काज करत होते. ऐकायचं नव्हतं, पण आमच्या घरात न ऐकणं कोणाला जमलं आहे. आई देवाला म्हणाल्या की मला जायचं नाही. लेक गुणी आहे, जावई त्याहून गुणी, पण माझे पाय ह्याच फरशीला ओळखतात. पण मी इथे राहिले तर माझी सून माझंच करत म्हातारी होईल. माझ्या मुलामागे तिने बसून श्वास घेतलेला नाही. म्हणून मी ‘बरं’ म्हटलं आहे. तू मला धीर दे आणि जाताना माझं तोंड हसरं ठेव. आणि हे तिला कळू देऊ नकोस, ती हट्टी आहे. हे आपल्या दोघांतच राहू दे.

धाकटे, त्या पोकळीत सकाळी किती आवाज असतात ते तू ऐकलं आहेस. आज एक झाकण वाजलं नाही.

मग दार उघडून आई बाहेर आल्या, तोंड खरंच हसरं होतं, आणि मला विचारलं, ट्रंकेत मोजे टाकलेस ना.

मी काय करू? आई, मी ऐकलं, असं सांगितलं तर ही सगळी वर्षं काय काय ऐकलं तेही सांगावं लागेल, आणि मग त्या देवाशी कधी मोकळं बोलणार नाहीत. न सांगावं तर त्या माझ्यासाठी म्हणून, मनात नसताना, गाडीत बसतील. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे शिकले ते चर्चच्या कपाटातल्या पुस्तकांतून. त्यातल्या एकातही नाही की दुसऱ्याची प्रार्थना कानावर पडली तर तिचं काय करायचं. पाळकसाहेबांना विचारलं. त्यांनी डोकं खाजवलं, विषय मोठा आहे म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात त्यावर प्रवचन करतो म्हणाले. पुढच्या महिन्यात मला काय उपयोग?

आईंचं मन तुला कळावं म्हणून लिहिलं. तुझा दादा असता तर त्याला हे दोन शब्दांत सुटलं असतं. तुझ्या मनाला येईल तसं कर.

तुझी,
वहिनी

•

२२ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र वाचून मी आधी खूप रडले आणि मग ह्यांनी विचारलं म्हणून आईची प्रार्थना त्यांना वाचून दाखवली, तर ‘जावई त्याहून गुणी’ हे त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. पुरुषांचं काय करायचं, सांगा.

आई अशीच. मी लहान असताना ताप आला की ती मला सांगायची, मला मुळी झोपच येत नाही म्हणून बसले आहे. आणि भिंतीला टेकून घोरायची. तिच्या पदरी पडलो हे आपलं भाग्य, एवढंच मी म्हणेन.

ऐकलं ते तिला सांगू नका. प्रार्थना तिची आहे.

पण आता माझं ऐका. मी अजून गाडी रद्द केलेली नाही. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात आईला काय हवं आहे ते आहे. दादाने काय केलं असतं ते आहे. मी माझ्या मनाला येईल तसं करावं, तेही आहे. बशी, तेल, चष्मा, सगळं आहे. तुम्हाला काय हवं आहे, ते मात्र कुठेच नाही. दादा गेल्यापासून तुम्ही तसलं वाक्य लिहिल्याचं मला आठवत नाही.

मी काही संत नाही, वहिनी. मलाही माझी आई हवी आहे. वॉर्डातली पाळी संपवून घरी यावं आणि दारात ती बसलेली दिसावी, असं मला वाटतं. खोलीला मी पडदे लावले आहेत. ते मी उतरवीन, पण तुम्ही ‘मला’ असं म्हणून मागितलंत तर. नाहीतर रविवारी गाडी येते.

आणि मला सांगून भागणार नाही. तिला सांगा.

हट्टात तुमच्याहून धाकटी नसलेली,
धाकटी

•

२६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
प्रभूत सलाम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल दुपारी आलं. मला राग आला, हे आधी लिहून टाकते. इतका राग आला की एक काज वाकडं गेलं.

तू म्हणतेस ते खरं आहे. सांगायला गेले तर ते जमेना. आईंच्या समोर बसले आणि काय विचारलं, तर गुडघा कसा आहे. त्या म्हणाल्या, जागच्या जागी आहे. पुन्हा गेले आणि तेलाची पिशवी दाखवून आले. हवं ते मागायची माझी सवयच मोडली आहे. तुझ्या दादाच्या आजारपणात ह्यांच्यासाठी मागितलं होतं, सगळा जीव ओतून मागितलं होतं, आणि ते मिळालं नाही. तेव्हापासून संध्याकाळच्या प्रार्थनेत आई मोठ्याने बोलतात आणि मी फक्त आमेन म्हणते. आईंनी मला कधी त्यावरून टोकलं नाही. आमेनवर माझं भागतं, असं मी स्वतःला समजावलं होतं.

काल संध्याकाळी आम्ही टेबलाशी बसलो. ट्रंक दाराजवळ होती. आईंची प्रार्थना झाली. मी आमेन म्हणायला तोंड उघडलं आणि आमेनच्या आधी दुसरंच बाहेर पडलं. आईंचा डावा कान थोडाफार ऐकतो. मी खुर्ची तिकडे सरकवली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि देवाला सांगायला लागले. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, म्हणून आवाज वाढवला. मग तो मला आवरला नाही.

प्रभू, ह्यांना जाऊ देऊ नकोस. मी थकते, पण जिच्यासाठी थकावं असं मला दुसरं कोणी राहिलेलं नाही. त्या माझं काही ओझं नाहीत. मला त्या इथे हव्यात. त्यांच्यासाठी नाही, धाकटीसाठी नाही, गेलेल्या माणसासाठीही नाही. मला हव्यात. मागच्या खेपेला तू नाही म्हणालास, आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं. आता पुन्हा मागते आहे.

एवढंच. नीट प्रार्थना म्हणतात तशी ती झाली नाही. शेवटी आमेन म्हणायचंही राहून गेलं.

आई डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगावं म्हणून मी श्वास घेतला, तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, बस्स. एवढं ओरडायला देव काय बहिरा आहे का?

धाकटे, मी हसायला लागले. हे गेल्यापासून मी अशी हसले नव्हते. टेबलावर डोकं टेकून हसले, आणि हसता हसता त्याचं रडणं कधी झालं ते मलाच कळलं नाही. आईंना आवाजातला फरक ऐकू येत नाही. तरी त्यांचा हात माझ्या पाठीवरून फिरायला लागला होता, आणि बराच वेळ फिरत राहिला.

पडदे उतरवू नकोस. एप्रिलात आम्ही दोघी येतो, आणि परतही दोघी येतो. पत्र रविवारच्या आत पोचायचं नाही म्हणून गाडी नको एवढं आज फोनवर कळवतेच; तुझ्या ह्यांना माझा सलाम आणि नकार. तुझ्या आईवर हक्क तुझा पहिला, हे मला माहीत आहे. तो तू मला दिलास, ह्या ऋणातून उतराई होणं मला जमणार नाही. तेव्हा तुझ्यावर माया करत राहते, तीच ठेवून घे.

तुझी,
वहिनी