सुईणीचा कोपरा

२ डिसेंबर १९६३, सोमवार. सकाळी ९ वाजून १० मिनिटे.
या घटकेला बंधुसंघाचे प्रमुख डॉन जेसुआल्दो यांनी प्रार्थनागृहाची किल्ली माझ्या हातात ठेवली. टपाल कचेरीत चाळीस वर्षं शिक्के मारले, वेळ लिहायची सवय जात नाही. गाव छान आहे. खिडकीतून संत्र्यांच्या बागा आणि धुराची टोपी घातलेला एटना ज्वालामुखी दिसतो. काम हलकं: वेदीवरचं येशूजन्माचं जुनं चित्र सांभाळायचं. मरिया, योसेफ, बैल, सगळ्यांवर एकाच बाजूने पिवळा उजेड, बाकी काळोख. गव्हाणीतल्या बाळावर रेशमी रुमाल असतो. तो चोवीस तारखेच्या संध्याकाळी काढतात, आधी नाही. जाहिरातीत एकटी, निवृत्त, मागेपुढे कुणी नसलेली बाई मागितली होती. जन्मात प्रथमच मी पूर्णपणे पात्र ठरले.

५ डिसेंबर.
चित्र शिळ्या पावाच्या गाभ्याने पुसतात. बेकरीवाली नुन्झिया म्हणाली, "सगळं पुसा हो सिन्योरिना, डावीकडचा खालचा कोपरा तेवढा राहू द्या. रोझारियाबाईंनी पुसला होता." रोझारिया माझ्या आधीची. ती गेली कुठे, असं विचारलं तर नुन्झिया भट्टीकडे वळली. डॉन जेसुआल्दो मात्र किल्ली देताना म्हणाले होते, त्या कोपऱ्याला तुमच्यासारखा शिस्तीचा हात हवा. नन्सच्या शाळेत गुडघ्यांवर बसून फरशा घासलेली बाई कोपरे सोडत नाही. पुसला. काळोखातून म्हातारी सुईण निघाली, हात बाळाकडे पुढे केलेले. चेहरा पार झिजलेला, जवळजवळ कोरा.

११ डिसेंबर.
बेकरीत अर्धा तास उभी. माझ्या मागच्या दोघींना पाव मिळाला. ओरडले तेव्हा नुन्झिया दचकली, "अगं बाई, तुम्ही कधी आलात?" निवृत्त, बिनलग्नाची बाई तशीही कुणाला दिसत नाही. म्हणून पहिले काही दिवस मला फरक कळला नाही.

१६ डिसेंबर.
सुईणीच्या नाकाशेजारी माझा तीळ आलाय. आरशात तो नाही.

१९ डिसेंबर.
डॉन जेसुआल्दोंना गाठलं. मी उभी होते त्याच्या जरा बाजूला बघत ते बोलले: बाळंतपण म्हटलं की सुईण हवीच, सिन्योरिना. रोझारिया झिजली. रागावता कशाला, तुमची वाट कोण बघतंय? तिथे निदान वर्षातून एकदा सगळं गाव तुमच्याकडे बघेल.
हे सांगतात कुणाला? मला!

२१ डिसेंबर.
किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवून आले – ती पुन्हा माझ्या खिशात आहे. बस थांबली नाही. चालकाने आरपार पाहिलं. नुन्झिया चित्रापुढे माझ्या नावाची मेणबत्ती लावत होती, रडत – मी शेजारीच –

२२ डिसेंबर.
हातांना पेंढ्याचा वास. बोटांवर बारीक तडे, वाळल्या रंगासारखे. चित्रातली सुईण आता पूर्ण मी. लेखणी दोन्ही हातांनी –

२३ डिसेंबर.
डॉन जेसुआल्दो आणि बंधुसंघ यांस. लेखी तक्रार.
२ डिसेंबरला सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी तुम्ही मला फसवलंत. तो चेहरा पुसा. मला बाळंतपण येत नाही. तान्हं मूल कधी कुणी माझ्या हातात – असो. उद्या दुपारी बाराच्या आत, रुमाल काढण्याआधी, लेखी उत्तर हवं. तोंडी चालणार नाही, मला ऐकू येईनासं झालंय. पत्ता नीट लिहा: प्रार्थनागृह, वेदीवरचं चित्र, डावीकडचा खालचा को