उलट्या तक्त्याची आणि आईच्या गाईची हकीकत

मुलींचं वसतिगृह, खोली क्रमांक सतरा,
औरंगाबाद
६ ऑक्टोबर १९८५

आदरणीय आबामामांस, भाची मथुरा हिचा सविनय जयभीम.

मी इथं खुशाल आहे, तुमची सर्वांची खुशाली असावी. तुमचा गुडघा कसा आहे आणि मामींचा दमा थंडीच्या आधीच उठला की अजून दम धरून आहे, ते कळवा. परंड्याच्या कचेरीत टंचाईची कामं निघाल्यापासून तुम्हाला जेवायला सवड मिळत नाही असं समजलं. (टंचाईच्या कामावर जेवायला न मिळणं हे मला सरकारी धोरणाला धरूनच वाटतं.) तरी वेळेवर दोन घास खात जा.

पत्रास कारण असं की तुमच्या बहिणीनं, म्हणजे माझ्या आईनं, गाईच्या प्रकरणाचा निरोप तुमच्याकडं धाडल्याचं कळलं. तो निरोप आपल्या गावाहून उमरग्याला दूधवाल्यानं नेला, उमरग्याहून पुढं एसटीच्या कंडक्टरनं नेला आणि कुर्डुवाडीला गाडी बदलून परंड्याला पोचला. एवढ्या प्रवासात निरोप वाढतो. तुमच्यापर्यंत येईस्तोवर गाय मेली आणि मला विद्यापीठातून काढलं असा झाला असणार. यातलं एकही खरं नाही. म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

तुम्ही दर उन्हाळ्यात विचारता की पोरी, तू एवढी वर्षं नेमकं शिकतेस तरी काय. तर पाऊस ताणला की खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष धरतं आणि ती खाल्लेलं जनावर उभ्याचं आडवं होतं, हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. तेच विष किती, पेरल्यापासून कितव्या दिवशी चढतं आणि कधी उतरतं, हे मोजण्याला जीवरसायनशास्त्र म्हणतात. इथवर सगळं सरळ होतं. पण गेल्या वर्षी विद्यापीठात संगणक आला. फीत कापली, भाषणं झाली, पाहुणे चहा पिऊन गेले आणि तो गार हवेच्या खोलीत एकटा राहिला, कारण त्याला द्यायला कुणाकडं काम नव्हतं. आमच्या सरांचं मन यंत्राच्या बाबतीत फार हळवं आहे. (त्यांच्या घरी तीन रेडिओ आहेत, तिन्ही बंद.) त्यांना ते एकटेपण पाहवेना. त्यांनी माझ्या संशोधनाला दुसरी अर्धी बाजू जोडली: शेतकऱ्याला माहिती कुठून मिळते आणि संगणकानं काढलेली माहिती तो वापरतो का. म्हणजे संशोधन एक, विभाग दोन आणि फॉर्मही दोन. ज्वारीचा फॉर्म मी तयार केला, माहितीचा फॉर्म संगणकवाल्यांनी.

यंदाच्या पावसाळ्यात दोन महिने मी थर्मासमध्ये बर्फ भरून आपल्या गावची ज्वारीची पानं औरंगाबादला आणत होते. थर्मास बघून गाडीतल्या बायांना वाटायचं की ही डोसवाली बाई आहे. तुळजापूरच्या पुढं एका आजीनं नातवाचं तोंड उघडून माझ्यापुढं धरलं होतं, आणि डोस नाहीत म्हटल्यावर उस्मानाबाद जाईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. पानं कुटून त्यावर पिवळा कागद धरायचा, विष असलं की तो विटकरी होतो. मी हे आईला मोठ्या अभिमानानं करून दाखवलं. ती म्हणाली, हळदीला चुना लावला तरी असंच होतं. मी म्हटलं, ते वेगळं. ती म्हणाली, असंल.

माहितीचा फॉर्म भरायला मी आधी भिमाआत्याकडं गेले. (तुम्ही तिला ओळखता. तिनं आख्ख्या गल्लीची गुरं राखली आणि आता जागेवर बसून राखते.) चारा कधी घालावा ही माहिती तुम्हाला कुठून मिळते, असा प्रश्न होता आणि पुढं रेडिओ, वर्तमानपत्र, ग्रामसेवक, सहकारी संस्था आणि इतर अशी घरं होती. भिमाआत्यानं विचार करून सांगितलं, "गाईकडनं." गाईसाठी घर नव्हतं. मी तिला "इतर" मध्ये घातलं. हे तिला सांगितलं नाही.

आता चूक कुठं झाली ते सांगते, कारण ती कुणीच केली नाही. माझ्या फॉर्ममध्ये प्रश्न होता, ज्वारीत विष आहे का. होय असेल तर एक, नाही असेल तर दोन. संगणकवाल्यांच्या फॉर्ममध्ये प्रश्न होता, चारा घालता येतो का. होय असेल तर एक, नाही असेल तर दोन. दोन्ही गठ्ठे ईरण्णाकडं गेले. ईरण्णा हा आळंदकडचा, फार सज्जन आणि संगणकाला माहिती भरवायच्या कार्डांना भोकं पाडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्यानं दोन्ही गठ्ठे एकाच, संगणकवाल्यांच्या मथळ्याखाली घातले. माझा एक म्हणजे विष आणि त्यांचा एक म्हणजे खुशाल घाला. यंत्रानं माझं सगळं विष चारा म्हणून वाचलं आणि चाऱ्याला विष ठरवलं. वीस ते पन्नास दिवसांची खुरटलेली ज्वारी: सुरक्षित. फुलोऱ्यानंतरची: धोक्याची. दोन्ही कडांना भोकं असलेल्या रुंद कागदावर छापलेला हा तक्ता इतका देखणा होता की सरांनी तो न तपासता आपल्या गावच्या दूध संस्थेला पाठवला, खाली माझं नाव घालून, आणि स्वतः बंगलोरच्या परिषदेला निघून गेले. जाताना म्हणाले, पहिला मान तुझ्या गावाला.

ही भानगड मला चार दिवसांनी, तक्त्याची नक्कल करताना दिसली. मी धावत संगणकाच्या खोलीत गेले. (चपला काढून. तिथं काही पेटलं तरी चपला आधी काढाव्या लागतात.) ईरण्णानं दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून शांतपणे पाहिले आणि म्हणाला, "अक्का, तुमचा फॉर्म बरोबर आहे. त्यांचाही बरोबर आहे. मशीनही बरोबर आहे."

"मग गावात जनावरं मेली तर?"

त्यानं कार्डांचा गठ्ठा उचलला आणि परत ठेवला. "ते मात्र चूक होईल," तो म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता.

मी संस्थेला तार केली. (ती मी गावात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पोचली. सही करून मीच घेतली.) या विषावर एक साधा क्षार चालतो, फोटोवाले ज्याला हायपो म्हणतात तो. आमच्या प्रयोगशाळेत त्याच्या दोन बरण्या आहेत, पण भांडार उघडायला सरांची सही लागते आणि सही बंगलोरला होती. तशीच सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाले. तीनच्या सुमारास उमरग्याला उतरले आणि स्टँडसमोरच्या गोरोबाच्या फोटो स्टुडिओत शिरून पावशेर हायपो मागितलं. गोरोबा म्हणाला, आमी हायपो इकत न्हाय, फोटो काडतो. मी म्हटलं, मग फोटो काढा, पण हायपो द्या. त्यानं मला पडद्यासमोर बसवलं, हनुवटी वर करायला लावली, हसा म्हणाला, आणि मग वर्तमानपत्रात पुडी बांधून दिली. (तो फोटो त्यानं मागाहून टपालानं धाडला, सोबत जोडला आहे. स्थळ बघायला म्हणून तुम्ही कधीचा मागत होता. चेहरा असा का, असं पाहुण्यांनी विचारलं तर मुलगी गाईच्या काळजीत होती असं खरं तेच सांगा.)

जीपनं गावात आले ती थेट दूध संस्थेपाशी. भिंतीवर माझा तक्ता होता, पण खाली डोकं करून टांगलेला. अक्षरं उलटी, माझं नाव सगळ्यात वर, पाय आभाळाकडं. मला वाटलं, वाचता न येणाऱ्या कुणीतरी लावला असेल. चेअरमन महालिंगप्पा बाहेर आले. त्यांना विचारलं.

"सरळच लावला हुता की," ते म्हणाले. "म्या सोता वाचून दाखवला समद्यांस्नी. भिमाबाईनं ऐकलं आन् म्हनली, कागद खरा दिसतोय, फकस्त उलटा हाय. मग उलटा केला."

"आणि लोकांनी काय केलं?"

"काय करत्यात? आजवर भिमाबाईच्या राखणीत एका बी जनावराला ज्वारी बाधली न्हाय. तिचं ऐकलं."

मामा, मी तिथंच पायरीवर बसले आणि मला हसू आवरेना. नऊ तासांचा प्रवास, तार, फोटो, आणि इथं एका निरक्षर बाईनं कागद फिरवून आख्खा संगणक दुरुस्त केला होता. महालिंगप्पांनी मला पाणी दिलं. मग जरा घुटमळून म्हणाले, "तुझ्या आईनं तेवडं ऐकलं न्हाय बग. म्या दोनदा सांगितलं. ती म्हनली, खाली लेकीचं नाव हाय."

मी पाण्याचा तांब्या ठेवला की कुणाच्या हातात दिला ते आठवत नाही.

घरामागं गाय कुशीवर पडली होती, तोंडाला फेस, पाय ताठ. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कडब्याची शेवटची पेंढी सकाळी संपली होती आणि त्या दुपारीच तिनं पट्टीतली ज्वारी कापून घातली होती. भिमाआत्या आधीच येऊन गुळाचं पाणी बाटलीत भरत होती. मी पुडी सोडली. वजनकाटा नव्हता. काड्यापेटीतल्या काड्या ओतून टाकल्या आणि पेटीभर हायपो मोजून त्याच गुळाच्या पाण्यात ढवळलं. भिमाआत्यानं जबडा धरला, मी बाटली लावली. ठसका लागू नये म्हणून थोडंथोडं. एका बाटलीनंतर दुसरी. आई माझ्या हातातल्या बाटलीकडं बघत होती.

बऱ्याच वेळानं गाईचा कान हलला. मग तिनं मान ओढून घेतली. दिवस मावळायच्या सुमारास पुढचे पाय टेकून, दोनदा बसून, तिसऱ्यांदा ती उभी राहिली आणि पहिलं काम म्हणजे मला ढुशी दिली. (भिमाआत्या म्हणते गुळानं उठली. मी म्हणते हायपोनं. महालिंगप्पा म्हणतात जात्याच चिवट आहे. प्रयोग एकाच गाईवर झाल्यामुळं निकाल लावता येत नाही.)

सगळे गेल्यावर आईनं विचारलं, "कागदात चूक हुती?"

"व्हय."

"तुझी?"

मी तिला एक आणि दोनचं सगळं समजावून सांगितलं, माझा फॉर्म, त्यांचा फॉर्म, ईरण्णा. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मग नाव कशाला घातलंस?"

आणि बादली घेऊन पाण्याला गेली. मामा, सहा वर्षांत कुठल्याही परीक्षकानं मला इतका सोपा प्रश्न विचारला नव्हता.

सर बंगलोरहून परतले आणि फार खूष झाले. त्यांनी अहवालात लिहिलं आहे की तक्ता लावल्यानंतर गावात विषबाधेनं एकही जनावर दगावलं नाही. यातला शब्द अन् शब्द खरा आहे. दुसऱ्या अर्ध्या बाजूचा निकालही लागला. तक्ता ऐकलेली कुटुंबं: एकसष्ट. संगणकाच्या माहितीप्रमाणं वागलेली: एक. सरांच्या मते ही सुरुवात म्हणून आशादायक आहे. ते एक कुटुंब कुणाचं हे त्यांनी विचारलं नाही.

असो. मामींना जयभीम सांगा. घरातल्या धाकट्यांना माझी आठवण द्या, आणि गुडघ्याला तेल लावताना ते आधी कोमट करून घ्या.

तुमची भाची,
मथुरा

ता.क. – अहवालावर मी सही केलेली नाही. तक्ता चुकला, कसा चुकला आणि गावानं तो कसा सुधारला हे लिहून मी दोन्ही विभागांना दिलं. सर रागावले नाहीत, दुःखी झाले. म्हणाले, मग सगळं पुन्हा मोजावं लागेल, आणि खरिपाची ज्वारी आता आहे कुठं. तेव्हा मूळ मुद्दा असा की तुमच्या विहिरीजवळच्या दोन गुंठ्यांत मामींनी मिरची लावली आहे ना, ती काढून येत्या आठ दिवसांत तिथं ज्वारी पेरावी.

ता.क. दुसरा – तिला पाणी अजिबात घालायचं नाही. ती खुरटली पाहिजे. टंचाई निवारणाच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसानं विहिरीकाठचं पीक मुद्दाम वाळवलं म्हणून लोक बोलतील, याची मला कल्पना आहे. मामींना मी यातलं काही कळवलेलं नाही. ते तुमच्याकडं लागलं.

ता.क. तिसरा – पत्र बंद करता करता आईचं कार्ड आलं, महालिंगप्पांच्या हातचं. तिनं सांगितलं तसंच उतरवलं आहे: "गाय बरी हाय. दूध देती. नवा कागद निघाला की पैला मला धाड, पर या टायमाला तू सोता घेऊन ये."