पयले पन्नास घंटे

बाबा, तुमचं ते पन्नास घंट्याचं सारं खोटं निघालं, आन हे तुमच्या तोंडावर सांगाव म्हटलं तर तुमी कवाचेच मरून मोकळे झाले. मागच्या गुरुवारपासून माहा नवरा माह्याशी बोलून नाही राह्यला. पोरगी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली आहे. येत्या रविवारी तिच्या सासरचे चार माणसं तिले न्यायले येणार आहेत, आन पाठवाव का नाही पाठवाव हे मले तोवर ठरवायचं आहे. सारे म्हणतात पाठव. पोरगीबी म्हणते पाठव. ती काहून म्हणते ते ऐकाल तर तिथल्या तिथं पुन्हा मराल. तुमच्यामुळं म्हणते. तुमाले जाऊन वीस वर्षं झाले, तरी माह्या घरात निकाल तुमचाच चालते. या कागदावरच्या माह्या अक्षराले नावं ठेवू नका, चौथीतून मले शाळेतून तुमीच काढलं होतं.

आमी नवा ट्रॅक्टर आणला त्याले महिना होईल आता. मीच चालवते. तुमी असते तर मले सीटवर बसू देल्लं नसतं, पण माह्या नवऱ्याचे गुडघे गेले आन वावर कोणीतरी वाहायलेच पायजे, म्हणून जुन्यावर शिकली. नवा आला त्या दिवसापासून मी तुमचंच करत होती. पन्नास घंटे इंजनाले जोर द्यायचा नाही. सकाळी आंगणात उभ्यानंच चालू करायचं आन घंटा-घंटा तसंच चालू ठेवायचं, म्हणजे ते आंगानं मोकळं होते. आठ दिवस मी तेच केलं, वर हार, लिंबू-मिरची. मंग नेरवरून मिस्त्री पाहायले आला आन कपाळाले हात लावून बसला. "काकू, हे कोणं शिकवलं तुमाले? उभ्यानं चालवून नवं इंजन आतून गुळगुळीत होते, मंग जनमभर तेल पिते. अर्धं काम द्या त्याले, कमीजास्त करा, पण असं देव्हाऱ्यात नका ठेवू." मले तवाच आठवलं. तुमचा ट्रॅक्टर तिसऱ्या साली निळा धूर सोडू लागला होता आन तेलाचा डबा त्याले पुरे नाही. तुमी म्हणत, नजर लागली. नजर नव्हती लागली. तुमीच लाडानं नासवला. इंजनाचंबी तुमाले कळत नव्हतं, माणसाचं तर सोडाच.

तुमी लाड फक्त त्या एका लोखंडाचेच केले, म्हणून राग येते. जनावर तुमी कसं वळवत होते ते मी पाह्यलं आहे. तो तांबडा गोऱ्हा. त्याच्या नाकात वेसण घातली, रक्त गळून राह्यलं होतं, आन त्याच दिवशी तुमी त्याले जुवाले जुंपून मागं बाभळीचं खोड बांधलं. तो बसला की तुमी त्याची शेपटी पिळत, तरी नाही उठला की हाकायच्या काठीचा, तुतारीचा खिळा टोचत. सांजेपर्यंत त्याच्या तोंडाले फेस आला आन तो उभ्यानं थरथरत होता. तुमी घाम पुसत मायले म्हणाले, "झाला सरळ. पयल्याच दिवशी मोडाव लागते, नाहीतर जनमभर माजते." आन ट्रॅक्टर आला तवा? मायनं एकदा नव्या बोनटवर ओलं लुगडं वाळू घातलं. तुमी हातातला पाना तिच्या पाठीत घातला. ती चुलीजवळ जाऊन आडवी झाली, तिच्यानं श्वास घेववत नव्हता. तुमी डोक्याचा दुपट्टा सोडून बोनट पुसत होते, हळूहळू, गोल-गोल, लेकराचं तोंड पुसावं तसं.

मी त्या दिवशी तिथंच होती, कारण मी हात मोडून घरी आली होती. लग्नाले चार महिने झाले होते. माह्या हातून ढेपीचं टोपलं गोठ्यात सांडलं, म्हणून माह्या नवऱ्यानं जुवाची लाकडी शिवळ उचलून माह्या डाव्या मनगटावर मारली. लाकूड लाकडावर आपटते तसा आवाज झाला. मी तशीच यष्टीत बसून माहेरी आली. माय हळद गरम करून बांधत होती, तुमी सैपाकघरात आले, आंगाले डिझलचा वास, आन उभ्या-उभ्या म्हणाले, "नवं हाय. नवं इंजन पयले पयले आवाज करतेच. म्हणून कोणी ट्रॅक्टर परत नाही करत. पन्नास घंटे जाऊ दे, आपोआप बसते." मायनं वर पाह्यलं नाही. तुमी तिले म्हणाले, "उद्या पोचवून देतो. नवीन गाडीवर जाईन पोरगी, लोकायले दिसलं पायजे."

आन दुसऱ्या दिवशी मी मडगार्डवर बसली आहे. डावा हात पोटाशी धरला आहे, उजव्या हातानं कडी. अठरा किलोमीटर आपण अडीच घंट्यात जाऊन राह्यलो. सायकलवाले पुढं निघून चालले, पण तुमी रेस वाढवत नाही, इंजन नवं आहे. चढ आला की तुमी जीभ टाळ्याले लावून टक-टक करता, बैलाले कधी नाही केली तशी. मधात तीनदा थांबता आन बोनटवर तळहात ठेवून पाहता. मले खड्ड्याखड्ड्याले मनगटातून डोक्यात कळ जाते. मी एकदा म्हणते, "बाबा, हळू." तुमी हसता. "याच्यापेक्षा हळू गेलो तर बंद पडीन वं." नेरात कापसाच्या बाजारापाशी तुमी ट्रॅक्टर सावलीत लावता, मले आलुबोंडा घेऊन देता, आन बांगडीवालीपुढं बसवता. हिरव्या बांगड्या. ती डावा हात धरते आन सोडून देते. "बुवा, पोरीचा हात मोडला हाय. सुजला हाय किती, पाहा."

"माहीत हाय," तुमी म्हणता. "उजव्या हातात भर साऱ्या."

हे मी माह्या पोरीले कधी सांगितलं नाही. मी तिले दुसरंच सांगितलं. झोपताना गोष्ट सांग म्हणे, तर मी सांगे का तुह्या आजोबानं मले गावातल्या पयल्या ट्रॅक्टरवर बसवून सासरी पोचवलं, राणीसारखं, फुलासारखं हळूहळू, नेरात आलुबोंडा चारला, हिरव्या बांगड्या भरल्या. हात मी काढून टाकला त्या गोष्टीतून. लेकराले कायले सांगाव, म्हटलं. आन आता ती चोवीस वर्षांची झाली, वणीकडं देल्ली, जवाई कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे, आन लग्नाच्या आठव्या महिन्यात ती कान फाटून घरी आली. त्यानं कानातलं ओढून काढलं होतं. पाळीचे दोन तुकडे, मधात सुकलेलं रक्त. मी तवा ट्रॅक्टरचं तेल पाहून राह्यली होती, हातात तेलाची काडी होती, आन माह्या तोंडातून काय निघावं? "नवं आहे बाई, पयले पयले आवाज होतेच." तुमचं बोलणं, तुमच्याच आवाजात. मी ते म्हटलं, काडी पुसली आन परत आत घातली. तिच्या कानाले मी नंतर हात लावला.

गुरुवारी सकाळी जवाई मोटारसायकलवर आला, न सांगता. माह्या नवऱ्यानं त्याले खुर्ची देल्ली, च्या देल्ला. तो पोरीले म्हणाला, "पाच मिनिटात तयार हो." ती म्हणाली, रविवारी येते, कानाचे टाके निघू द्या. त्यानं कप खाली ठेवला, आत गेला आन तिले केसाले धरून आंगणात ओढत आणलं. ती गुडघ्यावर घासत येत होती. माहा नवरा खुर्चीवरूनच म्हणाला, "जवाईबापू, जरा आरामात. लोकं पाहून राह्यले." मी ट्रॅक्टरवर बसून होती, वावरात निघायले, आत्ताच चालू केला होता, इंजन थंड होतं. मी रेसचा दांडा पार शेवटापर्यंत ओढला आन क्लच सोडला. त्यानं पोरीचे केस सोडले. मोटारसायकल पुढच्या चाकाखाली आली, मी ती गाडी गोठ्याच्या भिंतीपर्यंत दाबत नेली, भिंतीचे दगड बोनटवर पडले. मंग मागं घेतला आन पुन्हा नेला. पेट्रोलचा वास सुटला होता. नव्या इंजनातून काळा धूर निघत होता आन ते असं बोंबलत होतं का मी काय बोलली ते मलेच ऐकू नाही आलं. लोक म्हणतात मी शिव्या देत होती. जवाई एक चप्पल सोडून यष्टीकडं पळाला. मी बंद केलं तवा माहा नवरा पयलं काय बोलला सांगू? "अवं, बावीसच घंटे झाले होते ना."

गावात सारे म्हणतात, बाईनं मोटारसायकलीवर राग काढला, चांगलं केलं. मी हो म्हणते. पण मोटारसायकल मले दिसलीच नव्हती. मी ट्रॅक्टर त्याच्यावर नेला होता. तो उडी मारून बाजूले झाला, म्हणून ती सापडली. हे फक्त तुमाले सांगून राह्यली. मिस्त्री येऊन पाहून गेला, इंजनाले काहीच झालं नाही.

आता चार माणसं बसतील, मोटारसायकल भरून द्या म्हणतील, आन पोरीले गाडीत बसवतील. काल मी तिले म्हटलं, नको जाऊ. ती उठून बसली. "तू राह्यलीच ना आई? बाबाबी मारे ना तुले. आता मारते का? आजोबानं तुले पोचवून देल्लं म्हणूनच तुहा संसार झाला ना." बाबा, माहा नवरा सुधरला नाही. एकवीस वर्षं त्यानं मले मारलं आन मंग त्याचे गुडघे गेले. बस, एवढंच झालं. पण हे तिले सांगायचं तर ती बांगड्यांची गोष्टबी पुरी सांगावी लागते, आन मंग तिच्याजवळ आजोबा राहत नाही. माह्याजवळबी राहत नाही.

म्हणून एक गोष्ट इचारायची आहे. मले दारात उतरवून तुमी ट्रॅक्टर वळवला, आन मंग तिथंच उभे राह्यले. इंजन चालू. मी दारामागून पाहत होती. किती तरी वेळ तुमी स्टेरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते, गेले नाही. सासू म्हणाली, "तुहा बाप काहून थांबला वं?" मी म्हटलं, इंजन नवं आहे, थंड होऊ देऊन राह्यले. इंजनासाठी थांबले होते, का मले परत न्याव असं मनात आलं होतं? दोन्हीपैकी एक सांगा. मोठं भाषण नको. हा कागद मी कुठं टाकणार ते मलेबी माहीत नाही, चुलीतच जाईन, पण आजबी तुमाले इचारल्याबिगर माह्यानं काही ठरवणं होत नाही, हे खरं आहे. शनिवारी दिवस बुडायच्या आत उत्तर पायजे. रविवारी सकाळी दहा वाजता ते लोक येऊन राह्यले.