मोठा दात कुणाला सापडला

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंद्याने कवळ्या बनवणारा (आता निवृत्त), माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मेहुण्याला त्याविषयी गेली तीस वर्षे शंका आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी दर पाच मिनिटांनी दारात येऊन "झालं का तुमचं?" विचारते, त्याला कायद्यात दबाव म्हणत नाहीत, असे वकील म्हणतो. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. हेही रागातच लिहितो आहे, फक्त या वेळी राग दुसऱ्या माणसावर आहे.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नीला. "तुमच्या माशांच्या दातांना सोळा खण आणि माझ्या कपड्यांना दीड," असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. हिशेब बरोबर आहे. माझ्यामागे तिने सगळ्या खणांत खुशाल कपडे भरावेत, पण कलम चार वाचल्याशिवाय एकही खण उपसू नये.

२. मेणाच्या सुऱ्या, साचे आणि पॉलिशचे यंत्र माझ्या दुकानात आता बसणाऱ्या बाईंना. त्या माझ्यापेक्षा चांगल्या कवळ्या बनवतात. हे मी त्यांना कधी बोललो नाही. उलट "हात अजून बसायचाय," असे म्हणत आलो.

३. मेहुणा. मला हृदयाचा पहिला झटका आला तेव्हा हे गृहस्थ दवाखान्यात माझ्या उशाशी बसून म्हणाले, "भाऊजी, ते काचेचं कपाट तेवढं माझं हं." मापे आधीच घेऊन ठेवली होती. मी वकिलाला विचारले, याला काहीच मिळणार नाही अशी काही सोय आहे का? तो म्हणाला, साक्षीदार केलंत तर मृत्युपत्रातून त्याला काही घेता येत नाही. मला इतका आनंद झाला की मी वकिलाला चहा पाजला. सबब, मेहुण्याला साक्षीदार नेमले आहे. त्याला हा मान वाटतो. नवा शर्ट शिवायला टाकलाय म्हणे.

४. शार्क माशांचे दगड झालेले दात, नग दोन हजार एकशे चौदा, त्यांतला कलम पाचमधला एक वगळून, वस्तुसंग्रहालयाला. शार्कचे दात जन्मभर पडतात आणि जन्मभर नवे येतात. सगळेच असे असते तर माझे दुकान कधीच बसले असते. प्रत्येक दातासोबत एक चिठ्ठी आहे. खाण कोणती, थर कोणता, दिवस कोणता आणि सापडला कोणाला, अशा चार ओळी. चिठ्ठी हरवली की लाखो वर्षांचा दात टेबलावर कागद दाबायच्या लायकीचा उरतो. त्यामुळे संग्रहालयातल्या साहेबांनी 'जागा कमी आहे' म्हणून चिठ्ठ्या वेगळ्या काढू नयेत. जागा करायची असेल तर साहेबांनी स्वतःचे टेबल लहान करावे.

आमच्या जीवाश्म मंडळात एक औषधवाला होता. त्याने बाजारात विकत घेतलेला दात स्वतःला सापडला म्हणून चिठ्ठीवर लिहिला. मी भर सभेत त्याची अशी बिनपाण्याने केली की तो पुन्हा मंडळाची पायरी चढला नाही. "चिठ्ठीवर खोटं लिहिणाऱ्याच्या हातात चाळणीसुद्धा देऊ नका," हे माझे वाक्य इतिवृत्तात आहे. टाळ्या पडल्या. मी मान तुकवून घेतल्या. त्या वेळी मोठा दात माझ्याच काचेच्या कपाटात होता, चिठ्ठीसकट. औषधवाल्याला माझी चाळणी द्यावी आणि पुढचे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. हसायला लागला तर हसू द्यावे.

५. मोठा दात. तळहात झाकून बोटभर उरतो. मंडळात मला मान आहे तो याच्यामुळे.

विटांच्या कारखान्यामागे मातीची खाण आहे. रविवारी मी मुलीला घेऊन तिथे जायचो. मी चिखलात गुडघे टेकून चाळणार, ती नुसती हुंदडणार, आणि सापडणार नेमकं तिलाच. एका रविवारी धावत आली. "बाबा, केवढा मोठा दात! बघा ना!" मी सकाळपासून उपाशी, चाळणीत दोन टीचभर तुकडे, डोकं फिरलेलं. धड न बघताच म्हणालो, "दात कसला? भाजकी वीट आहे ती. टाकून दे."

"पण चकाकतोय, बाबा."

"जास्त भाजली की चकाकते. टाक म्हटलं ना!"

तिने तो फुटक्या विटांच्या ढिगावर टाकला. रडली नाही. दातांतलं बाबांना कळतं, असा बिचारीचा समज होता.

मंगळवारी दुकानात कवळीला चकाकी देत होतो. दातावरून अंगठा फिरला आणि तिथेच थांबला. विटेची चकाकी अशी नसते. जन्मभर दात घडवले आणि पोरीच्या तळहातावरचा दात मला ओळखता आला नाही! कवळी तशीच टाकून सायकलवर सुटलो. गिऱ्हाईक बोळक्या तोंडाने मागून हाका मारत राहिलं. ढीग उपसला, दात मिळाला. घरी येऊन चिठ्ठी लिहिली आणि शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घातलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

पुढे मंडळाच्या प्रदर्शनात तिने तो पाहिला. दहाबारा माणसं भोवती उभी. तिने विचारलं, "बाबा, हा माझाच ना?" मी म्हणालो, "तुझी ती वीट होती गं, बाळा." सगळे हसले. मीही हसलो. मला आजही त्या हसण्याची लाज वाटते.

ती परत कधी खाणीवर आली नाही. आता ती लिफ्ट दुरुस्त करते. दर रविवारी येते, माझ्या गोळ्यांची डबी भरते, आईशी गप्पा मारते आणि काचेच्या कपाटाकडे पाठ करून बसते. या गोष्टीला तेहतीस वर्षे झाली.

सबब, मोठा दात मुलीला. तिला तो पुन्हा ढिगावर फेकायचा असेल तर कोणीही अडवू नये. तिने मला माफ करावे अशी अट घालता येईल का, हेही विचारले. वकील म्हणाला, येत नाही. हे कलम पत्नीला वाचून दाखवले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं, हे तुम्ही सोबत घेऊनच जाणार."

६. कलम पाचची दुरुस्ती. वकील सगळे टंकून घेऊन आला आणि म्हणाला, "काका, मुलगी राहते कुठे?"

"तीन गल्ल्या सोडून."

"मग हे सांगायला मरायची वाट कशाला बघताय?"

मेल्यावर कोणी उलट बोलत नाही, हीच तर सगळी सोय होती. पण हे त्या पोरसवदा वकिलाला कसं सांगणार? शनिवारी दात रुमालात बांधून गेलो. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कसलीशी मोटर खोलून बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. तिने हात धुतले, पुसले, मगच दात उचलला. अंगठा फिरवत राहिली. शेवटी मीच म्हणालो, "अगं, काहीतरी बोल."

"चिठ्ठी कुठाय?"

मी दिली. तिने वाचली. "नवी लिहा."

मी वरच्या तीन ओळी जुनीवरून उतरवल्या, खाली तिचं नाव लिहिलं, पुढे 'वय वर्षे नऊ' लिहिलं.

"आठ. नऊ पुरी व्हायला तीन महिने होते."

मी खोडलं.

"आणि वार रविवार. तुम्ही मंगळवार लिहिलाय."

तेही खोडलं. मग धीर करून विचारलं, "माफ करशील का गं?"

तिने चिठ्ठी माझ्या हातातून काढून घेतली आणि खिडकीत ठेवली. "बघू," म्हणाली. "आधी शाई तर वाळू दे."

सबब, सदर दात आता माझ्या मालकीचा नाही. तो या मृत्युपत्रातून वगळावा आणि संग्रहाचा आकडा दोन हजार एकशे तेरा असा वाचावा.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला, मला तो मान्य आहे आणि मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही : (लिहून देणार)
साक्षीदार १ : पत्नीचा भाऊ
साक्षीदार २ : खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई
ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : ९ ऑक्टोबर, सोमवार