मनोऱ्यापाशी अडलेला इतिहास

वहिनी,

आपल्या चर्चला शंभर वर्षं होतायत म्हणून फादरनी मला त्याचा इतिहास लिहायला सांगितलाय. गवंड्याच्या हातात पेन म्हणजे हसंच. पाया, वेदी, छत भराभर लिहून झालं. मागाहून आम्ही भावांनी बांधलेल्या मनोऱ्यापाशी अडलो.

दादा परांचीवरून पडून गेला तेव्हा मी सांगितलं, परांचीचा दोर कुजका निघाला. दोर तुमच्या मोरीजवळ, तुम्ही सांडलेल्या पाण्यात ओला पडून असायचा, त्यामुळे कुणी आणखी काही विचारलंच नाही. तुम्हीही नाही. तेव्हापासून तीस वर्षं तुम्ही मनोऱ्याखालची फरशी गुडघ्यांवर बसून पुसताय.

दोर धड होता, वहिनी. गाठ मी बांधली होती. दादा नेहमी वर दुसरी गाठ मारायला लावायचा. त्या दिवशी मी ती न मारताच जेवायला पळालो.

दर शनिवारी फादरपुढे पापांची कबुली द्यायला बसतो आणि तोंडात शिवी आली एवढंच सांगून उठतो.

इतिहासातही मी लिहिलं, ‘दोर कुजल्याने एक गवंडी दगावला.’ काल तुम्ही ते वाचलंत आणि हळूच म्हणालात, “भावजी, माझं नाव घातलं नाहीत, उपकार झाले.”

हे पत्रही तुम्हाला न देता थापीच्या पेटीत ठेवणारा,
तुमचा दीर