झिऱ्याचं पाणी

४ मार्च, सोमवार

परत तेच पाणी पिला! डॉक्टरनं सांगून आठवडा झाला नाही — "बाबा, हे पाणी बंद करा, किडन्या कामातून चालल्यात." यानं मान हलवली. व्हय व्हय. घरी आला, माठातलं तांब्याभर ढोसलं आणि माझ्याकडं बघून मिशी पुसली.

आज लेणी बंद, गिऱ्हाईक थोडं, म्हणून हॉटेलात घासायला भांडी कमी. लवकर आले ते हे बघायला!

कडुबा. तोंडानं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, इथं घेते. कागद काय कुणाला सांगतो? आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकले, ते आता कामाला आलं — चिडायला.

हा आमच्या भिल्लांच्या वस्तीचा पुजारा. वर डोंगरात उंबराखाली झिरा आहे — वाळूत हातानं खड्डा करायचा, पाणी पाझरून येतं. शेजारी वाघदेवाचा दगड. पुजाऱ्यानं त्या झिऱ्याचंच पाणी प्यायचं. दुसरं तोंडाला लावलं की झिरा मेला, आणि वस्तीनं बिऱ्हाड घेऊन इथून उठायचं. असा आमच्या वस्तीचा नेम. सासरा दवाखान्यात मरायला पडला होता, तर तिथंसुद्धा बाटलीतून झिऱ्याचं पाणी नेलं होतं.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात याला मी म्हणाले, "सलाइनचं पाणी बरं चालतं तुला?"

म्हणतो, "ते तोंडानं नाय घेत."

देवाला पण वकील भेटला!

७ मार्च

पायाला सूज. बोट दाबलं की खड्डा पडतो. लवकर भरत नाही.

१० मार्च, रविवार

त्याला चढवत नाही, पाणी मीच आणते. आज खड्डा करून बसले. वाट बघ, वाट बघ. आलं ते तांबूस, वर तवंग. वरच्या पठारावर आता कापूस आहे. फवारलेलं सगळं उतरून इथंच येतं. शेळ्या पण इथंच तोंड घालतात. त्यांना तरी दुसरं कुठं आहे?

लग्न होऊन आले तेव्हा या डोंगरात ऊन जमिनीला लागत नव्हतं. धावड्याचा डिंक, सीताफळं, गवत — डोक्यावर ओझं घेऊन फर्दापूरला जायचो. मान दुखायची. आता नाही दुखत! झाडं थोडी ठेकेदारानं नेली, थोडी आम्हीच चुलीत घातली, खोटं कशाला बोलू. मग माती वाहून गेली. मग रोप लावलं तरी जगेना. नुसता मुरूम उरला. वारा सुटला की दाताखाली कचकच. पोरं थंडीपासून खोकतायत. हातपंप लई खोलातला, पाणी खारं. त्यानं पोरांचे दात पिवळे झाले आणि म्हाताऱ्या साहेबरावचे गुडघे वाकले.

आकाशचा फोन आला. आमचा पोरगा. शहरात मुकुंदवाडीला राहतो, सेंट्रिंगच्या कामावर आहे.

"माय, बाबाला घेऊन इकडं ये. इथं नळ हाय."

"किती दिवसांनी येतो?"

"आठ दिवसांनी. पण येतो ना!"

कडुबाला सांगितलं. त्यानं ऐकलंच नाही असं केलं. मी उठलो तर चौदा घरं उठतील, म्हणतो. आणि तू मेलास तर?

१३ मार्च

केलं एकदाचं.

हॉटेलात पाण्याचे जार येतात. मालकाला, बद्रीनाथला, म्हणाले, रोज एक कळशी नेते. "ने मुक्ताबाई, पण गिऱ्हाइकांपुढं नको." कळशी घेऊन वस्तीच्या मागनं डोंगरात गेले. उंबराखाली बसले जरा. मग सगळ्यांना दिसंल अशी वरनं उतरले. माठ घासून भरला. नेहमीसारखी उंबराची पानं टाकली.

पिला. मिशी पुसली.

वाघदेवा, काय करायचं ते मला कर. याला नको.

२५ मार्च, धुळवड

सूज उतरली! काठी घेऊन लिंबाच्या पारापर्यंत गेला. आणि तिथं बसून सगळ्यांना सांगतो काय — "झिरा गोड झाला. देव परतला!"

साहेबराव म्हणाला, "परतला तर त्याला म्हणावं, माझ्या गुडघ्याकडनं जा की जरा. वाटेतच हाय."

सगळे हसले. मी पण हसले.

१ एप्रिल

शेजारची रत्नमाला बोचकं बांधून बसली होती. नवरा वीटभट्टीवर, ती पण तिकडंच निघाली होती. आज बोचकं सोडलं. "पुजाऱ्याचं पाणी गोड झालं, आता कशाला जाऊ?" पोरीला घेऊन, हंडा घेऊन वर गेली. आली ती तोंड पाडून.

"काकी, मला चिखलच भेटला. तुमालाच कसं गोड भेटतं?"

कडुबा आतनं म्हणतो, "हात उतावळा हाय तुझा. बसावं, वाट बघावी."

मी तिला बाजूला घेतलं. "तू हातपंपाचंच पी."

"त्यानं दात जातात की!"

"जाऊ दे दात!"

"वा गं काकी! तुमी गोड प्यायचं आन् आमी खारं?"

गेली तणतणत. बरोबर बोलली ती. तिच्या जागी मी असते तर हंडाच फेकून मारला असता.

९ एप्रिल, पाडवा

आकाश दारात! सोबत सून, रूपा. आठवा लागलाय तिला. मी म्हणाले, "अरे, इथं कशाला आणलीस?"

"बाबानं फोन केला होता. पाणी आलं म्हणून. बाळाचं पयलं पाणी झिऱ्याचं होऊ दे, म्हणाला. तिकडं आठ-आठ दिवस पिंपात साठवतो माय, आळ्या पडतात."

रूपाला माय नाही. बाळंतपणाला जाणार कुठं बिचारी. आकाश लगेच परत गेला, खाडा चालत नाही.

माझं खोटं चालत शहरात गेलं आणि पोटुशी पोर घेऊन आलं.

रूपाला सांगितलं, माठातलंच प्यायचं. वर जायचं नाही.

"का हो आत्या?"

"मी म्हणते म्हणून!"

खरं सांगायला पाहिजे. पण पोरगी भोळी, सासऱ्यापुढं तोंडातून निघंल. उद्या बघू.

१४ एप्रिल

फर्दापुरात बाबासाहेबांची जयंती. मिरवणूक, हॉटेलात ही गर्दी! भांडी संपेनात. अंधार पडल्यावर सुटले. आले तर माठ कोरडा.

रूपा म्हणाली, "संपलं होतं आत्या. मामंजींना तहान लागली, मग मीच गेले वर. त्यांनी अर्धं मलाच पाजलं. बाळाचा वाटा म्हणाले."

तांब्या हिसकावला. रिकामा होता.

१६ एप्रिल

घाटीत आहे. काल जीप केली. उलट्या, जुलाब — अंगातलं सगळं पाणी गेलं पोरीच्या. आज पोर झाली. मुलगी. मांजराच्या पिल्लाएवढी. काचेच्या पेटीत ठेवलीय.

डॉक्टरीणबाईनं विचारलं, "पाणी कुठलं पिली ही?" मी सांगितलं.

आकाश बघत होता. "मग तेच पाणी पिऊन बाबा कसा काय बरा झाला?"

तेही सांगितलं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो बायकोला साडी आणायला म्हणून गेला.

१९ एप्रिल

वस्तीवर आले. उभ्या उभ्याच सांगितलं कडुबाला, चप्पल न काढता. बसले असते तर जमलं नसतं.

"जारचं पाणी पितोयस तू. धुळवडीच्या आधीपासनं."

म्हणाला, "म्हणजे झिरा..."

"मेलाय कवाच. मला तू जिता पाहिजे होतास."

"आन् नात?"

"पेटीत हाय."

उठला. माठ उचलला आणि दारात पालथा केला. पाणी पडलं ते दिसलंसुद्धा नाही, जमिनीनं लगेच पिऊन टाकलं. मग भिंतीकडं तोंड करून निजला.

२० एप्रिल

पाणी घेत नाही. जारचं नाही, हातपंपाचं नाही, झिऱ्याचं पण नाही. शिव्या दिल्या. पाया पडले. परत शिव्या दिल्या!

पायात परत खड्डा पडायला लागला.

२१ एप्रिल

पोर नळीनं दूध घेते, आकाशनं सांगितलं. एवढंच बोलून फोन ठेवला.

दुपारी रत्नमाला पोरीला घेऊन परत हंडा डोक्यावर घेऊन निघाली. मी दारातून ओरडले, "जाऊ नको गं! रूपा त्याच पाण्यानं पडलीय!"

"रूपा शहराची झाली, तिला बाधलं असंल. पुजाऱ्यानं सांगितलंय, वाट बघ म्हणून. त्यानं नको म्हणू दे, मग नाय जात."

पोरगी कडेवरून मला वाकुल्या दाखवत गेली.

कडुबानं ऐकलं. भिंतीकडचं तोंड इकडं वळवलं. संध्याकाळपर्यंत दाराकडं बघत होता.

२२ एप्रिल, सोमवार

सकाळी म्हणाला, "मुक्ते, तुझ्या हॉटेलातला जार आण." आणला. काठी टेकत पारावर गेला. साहेबराव, रत्नमाला, सगळ्यांना बोलावलं. सगळ्यांच्या देखत जारमधनं तांब्या भरला, तोंडाला लावला आणि खाली ठेवेपर्यंत श्वास घेतला नाही.

तांब्या माझ्या हातात दिला. सगळ्यांना म्हणाला, "उठा आता."